सुनेच्या गाण्याचा रविवार

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. नेदरलँडमध्ये ब्रेडा गावात मुलाच्या घरी तीन महिन्यांच्या व्हिसावर राहत होतो, त्यातले दोन संपले होते. ऑक्टोबरमधला रविवार. सकाळी सहाला माझा फोन वाजला. भारतात तेव्हा साडेनऊ झालेले असतात. पुतण्या होता.

"काका, अप्पा गेले," तो म्हणाला. "पहाटे, झोपेतच. आई चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं."

अप्पा म्हणजे त्याचे वडील, माझा थोरला भाऊ. ऐंशी ओलांडलेला. मी पलंगावर उठून बसलो आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा:

"घरच्या ग्रुपवर टाकलंस का?"

"नाही अजून. तुम्हालाच पहिला फोन."

"मग टाकू नकोस. इकडं मुलाला फोन करू नकोस, सुनेलाही नको. मी सांगतो त्यांना. उद्या."

"उद्या? काका, लोक थांबणार आहेत का? आत्या टाकेल, कुणीही टाकेल."

"तू त्याचा ॲडमिन का काय आहेस ना?"

"आहे."

"मग?"

"करतो बंद. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करता येतं. पण काका, तिकडं झालंय काय?"

"काही झालेलं नाही. लाकडं कोरडी आहेत का बघून घे, काल-परवा पाऊस झाला म्हणत होतास. आणि वहिनीला सांग, उद्या फोन करतो."

भाऊ गेल्याचं ऐकून माणूस असं बोलतो का, असं कुणी म्हणेल. मी बोललो. का बोललो ते सांगतो.

आमच्यात भावकीतलं कुणी गेलं की दहा दिवस सुतक. देवाला हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही. गोड खायचं नाही. कुणाला शिवायचं नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही आणि कुणाला पडूही द्यायचं नाही. गाणं-बजावणं तर नाहीच. पण सुतक धरायचं ते बातमी कानावर आल्यापासून. ज्याला माहीत नाही त्याला ते लागत नाही. हे मी बनवलेलं नाही, आजोबांपासून असंच आहे. आणि त्या रविवारी दुपारी चार वाजता युट्रेख्टमध्ये माझ्या सुनेचं गाणं होतं. साठ खुर्च्यांची जागा, तिकीट लावून, तिचं एकटीचं पहिलं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी चौथी शिकलेला माणूस. सांगलीकडच्या एका नगरपालिकेत अडतीस वर्षं चावीवाला होतो. रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे काम. वडील लवकर गेले, शाळा सुटली, पुढं मोठा झाल्यावर थोरल्या भावानंच मला त्या खात्यात लावलं. तो स्वतः पंपावर होता. पाइप कुठं गळतोय ते शोधायला इंजिनिअर यायचे, रस्त्यावर कागद पसरायचे. मी लोखंडी गज पाइपाला टेकवायचो, वरच्या टोकाला कान लावायचो आणि सांगायचो, इथं खणा. तिथंच पाणी लागायचं. दोनदा चुकलो असेन. तिसऱ्यांदा चुकलो असं कुणी म्हणत असेल तर त्यानं समोर यावं.

सून पुण्याची. औषधांच्या कंपनीत नोकरीला होती, पगार माझ्या मुलाएवढाच. मुलाला ब्रेडात एका माल वाहतुकीच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं, त्याच्यामागून ती आली. भाषा येत नाही म्हणून तिला नोकरी मिळेना. दोन मुलं पोटातच गेली, दुसरं पाचव्या महिन्यात. त्यानंतर वर्षभर ती पडदे ओढून घरात बसून होती. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. माझ्या बायकोला माहीत होतं, पण तिनंही सांगितलं नाही, कारण मी काय बोलेन ते तिला माहीत होतं.

इथल्या डॉक्टरनं, हाउसआर्ट्स म्हणतात त्याला, गोळ्या थोड्या दिल्या आणि रोज बाहेर चालायला सांगितलं. ती नदीकाठानं चालायला लागली. पाऊस असो, वारा असो. मग गावाबाहेर झाडांच्या नर्सरीत तिला काम मिळालं, मातीत हात घालायचं काम. बी.फार्म झालेली बाई रबरी बूट घालून रोपं उपटायची. शेजारी एक डच म्हातारी राहते, तिच्या नवऱ्याची गिटार माळ्यावर पडून होती. म्हातारीनं ती हिला दिली आणि बोटं कुठं ठेवायची ते शिकवलं. तिथून गाणी सुरू झाली. चाल हिची, शब्द हिचे, इंग्रजीत.

पहिल्या वेळी आलो होतो तेव्हा मी मुलाला विचारलं, "ही कसली गाणी?"

"अमेरिकाना म्हणतात, आबा. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातल्या लोकांची गाणी. शेत, नदी, लांबचा रस्ता, दारू, बायको सोडून गेली, असं सगळं."

"मग ही का गाते? हिचा नवरा तर इथंच बसलाय."

"म्हणूनच गाते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मला ते पटलं नव्हतं, आणि पटलं नाही ते मी सांगितलं. घरातलं दुःख चार परक्यांपुढं मांडायचं, तेही तिकीट लावून, हे काही आमच्यात नाही. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून दार उघडं ठेवून सराव करायला लागली.

दुसऱ्या वेळी, म्हणजे या तेवीस सालात, एक दिवस गिटार घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "आबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही ना?"

"नाही येत. त्यावाचून अडलं नाही."

"तेच म्हणते. बाकी सगळे शब्दांवर बोलतात. तुम्ही नुसतं ऐका."

मी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणालो, "दुसऱ्या कडव्यात दाब कमी पडतो."

"सूर बरोबर आहे तिथं."

"सुराचं नाही म्हणत मी. पाणी येतंय, पण वरच्या मजल्याला चढत नाही."

ती चिडून उठून गेली. चार दिवसांनी परत आली, पुन्हा म्हटलं. मी म्हणालो, आता चढलं. तेव्हा तिनं सांगितलं की गाणं नर्सरीतल्या झाडांचं आहे. विकायची झाडं दर दोन-तीन वर्षांनी उपटतात, मुळं छाटतात आणि दुसऱ्या वाफ्यात लावतात. म्हणजे मुळं लांब पसरत नाहीत, मुळांचा गड्डा आटोपशीर राहतो, आणि शेवटी कुठंही नेऊन लावलं तरी झाड जगतं. दुसऱ्या कडव्यात तिनं आधी लिहिलं होतं की नवीन मातीत झाडाला आनंद होतो.

"खोटं होतं ते," ती म्हणाली. "झाड वर्षभर नुसतं उभं राहतं, आबा. पान फुटत नाही. आमचा मुकादम येऊन नखानं साल खरवडतो, आत हिरवं आहे का बघतो. तेच लिहिलं आता."

त्यानंतर मी रोज ऐकायला बसायचो, आणि बोलवायची वाट बघत नव्हतो.

आता त्या रविवारचं महत्त्व. युट्रेख्टच्या त्या जागेनं तिला आधी दोनदा बोलावलं होतं. पहिल्यांदा माझी बायको गेली त्या आठवड्यात. सुनेनं मला फोनवर विचारलं होतं, भीतभीत, "आबा, जाऊ का? आईंना आवडलं असतं." मी ठणकावून सांगितलं, सुतकात गाणं-बजावणं नाही. तिनं नाही कळवलं. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ती स्टेशनपर्यंत गेली आणि घाबरून परत आली. ही तिसरी वेळ. तिथं सगळं बघणाऱ्या बाईनं साफ सांगितलं होतं की आता नाही जमलं तर राहू दे, रांगेत बरेच आहेत. आणि सुनेला मी ओळखतो. भाऊ गेल्याचं कळलं असतं तर या वेळी तिनं विचारलंही नसतं, सरळ रद्द केलं असतं. मोठ्या काकांचा तिच्यावर जीव होता. दर दिवाळीला ते तिला स्वतः फोन करायचे, मुलाला नाही.

म्हणून मी ठरवलं, बातमी माझ्यापाशी राहील. सुतक माझं एकट्याचं. चार वाजायला दहा तास होते.

फोन ठेवला आणि गार पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली. मुलगा उठून आला. "आबा, एवढ्या सकाळी? आणि गार पाण्यानं?"

"उकडत होतं."

बाहेर आठ अंश होतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

त्यांच्याकडे असलो की पूजा मी करतो. दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटात एक कप्पा देवांचा आहे. त्या दिवशी मी तिकडं फिरकलो नाही. सून म्हणाली, "आबा, दिवा?"

"आज तू लाव. कंबर धरलीय."

तिनं लावला. मग तिनं शिरा केला होता, तो बशीत घालून आणला. मी म्हणालो, गोड नको.

"परवाच तर साखर तपासली. नॉर्मल आली."

"नको म्हटलं ना."

बशी तशीच परत गेली. मी खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसलो, सोफ्यावर नाही, कारण त्यावर ती दोघं बसतात. त्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं.

"सकाळपासून तोंड फिरवून बसलेत," ती म्हणत होती. "दोन महिने रोज ऐकायला बसतात, आणि आज बघ. बाहेरच्या लोकांसमोर गायचं म्हटलं की यांचं पुन्हा तेच."

"अगं, कंबर दुखतेय म्हणाले."

"कंबर दुखतेय आणि गार पाण्यानं अंघोळ?"

हुशार आहे. मला वाटलं, आता कळणार. पण माणूस रागात असला की जवळचं दिसत नाही. मुलगा बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "आबा, आज तरी. आज एक दिवस."

"मी काय केलं?"

"काहीच करत नाही आहात, तेच."

निघायची वेळ झाली. तिनं काळा सदरा घातला होता, केस बांधले होते. गिटारची पेटी दाराशी ठेवून ती माझ्यापुढं आली आणि वाकली. मी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

तिचे हात जमिनीजवळ तसेच राहिले. मग ती उभी राहिली.

"पाय मागं घेतलेत तुम्ही."

"दुखतोय पाय."

"दोन्ही?"

मुलगा म्हणाला, "चल, गाडी चुकेल." ती माझ्याकडेच बघत होती. तिचे डोळे भरले नव्हते, ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, "येऊ नका मग. उगाच पाय दुखवून घेऊ नका."

मी न जाणं हेच सुतकात बरोबर होतं. पण गेलो नसतो तर ती काय समजून गायली असती? मी चपला घातल्या. मनाला सांगितलं, आपण गाणं ऐकायला चाललेलो नाही, मुलाचा फोन सांभाळायला चाललोय.

तेही खोटं नव्हतं. ग्रुप बंद होता, पण एखादा शहाणा स्वतंत्र फोन करणार नाही कशावरून? सून त्या दिवशी कुणाचाच फोन घेत नव्हती, पण मुलगा घेणार. ब्रेडाहून युट्रेख्टला मध्ये गाडी बदलावी लागते, सव्वा तास लागतो. ती पलीकडच्या बाकावर पेटी गुडघ्यात धरून, कानात ते लावून बसली. मुलगा माझ्यासमोर. त्यानं खिशातून फोन काढला की मी बोलायला सुरुवात करायचो. बहात्तरच्या दुष्काळात टँकर कसे वाटले ते सांगितलं. सहा इंची पाइपाचा सांधा शिशानं कसा भरतात ते सांगितलं. कलेक्टरच्या बंगल्याचं पाणी एकदा मी दोन दिवस कसं बंद ठेवलं होतं ते सांगितलं.

"आबा," तो म्हणाला, "दोन महिन्यांत बोलला नाहीत एवढं आज बोलताय."

"तू ऐकत नव्हतास."

"तिच्याशी बोला ना थोडं."

"तिच्या कानात ते आहे."

कलेक्टरची गोष्ट भावाचीच होती. पंप त्याच्या ताब्यात होता, आम्ही दोघांनी मिळून केलं होतं ते. सांगताना मी त्याला वगळलं, कारण त्याचं नाव आलं असतं तर माझा आवाज सरळ राहिला नसता.

युट्रेख्टमध्ये कालव्याच्या काठाला, पाण्याच्या पातळीवर जुनी तळघरं आहेत. त्यातल्या एकात ती जागा होती. विटांची कमान, समोर लहानसा मंच, दोन दिवे. बाहेर चार पावलांवर पाणी. मी भिंतीला हात लावून पाहिला. ओल नव्हती. चांगलं काम केलेलं आहे, मान्य करायला हवं. लोक चार वाजायच्या दहा मिनिटं आधी सगळे येऊन बसले, एकजणही उशिरा नाही. मुलानं मला पुढची खुर्ची धरली होती. मी म्हणालो, मी मागं दाराशी उभा राहतो. इथं खुर्च्या चिकटून असतात, कुणाला माझा धक्का लागायला नको होता. तो कपाळावर हात मारून माझ्याजवळच उभा राहिला. फोन बंद करा अशी पाटी दारावर होती. ती मी त्याला दाखवली. त्यानं बंद केला.

ती मंचावर आली. पहिली तीन गाणी मला माहीत होती. नदीवरच्या काळ्या पाणकोंबडीचं, धुक्याचं, आणि एक डच म्हातारीच्या नवऱ्याचं. बरी झाली. हात थोडे घाईत होते. लोक अजिबात आवाज करत नाहीत इथं. आपल्याकडं माणूस मान हलवतो, चांगलं झालं की तोंडानं काही म्हणतो. हे दगडासारखे बसतात आणि संपल्यावर टाळ्या वाजवतात.

मग ती थांबली, पाणी प्यायली आणि काहीतरी बोलली. सगळे हसले आणि माना वळवून माझ्याकडे बघायला लागले.

"काय म्हणाली?" मी मुलाला विचारलं.

तो कुजबुजला, "ती म्हणतेय, दाराशी उभे आहेत ते माझे सासरे. आयुष्यभर गावाचं पाणी सोडण्या-बंद करण्याचं काम केलं त्यांनी. गाणं आवडलं नाही तर मेन व्हॉल्व्ह बंद करतील, म्हणून तिथं उभे राहिलेत."

साठ माणसं माझ्याकडे बघून हसत होती. ती हसत नव्हती.

मग तिनं झाडांचं गाणं घेतलं.

मी सांगतो काय ऐकलं ते. तो दाब मी त्या गाण्यात कधी ऐकला नव्हता. पहिल्या ओळीपासून पाणी वरपर्यंत चढलं आणि उतरलंच नाही. दुसऱ्या कडव्यात, नखानं साल खरवडतात तिथं, तिनं गिटार जवळजवळ थांबवली आणि नुसता आवाज ठेवला. तो कुठून येत होता ते मला माहीत होतं. खुर्चीखाली ओढलेल्या माझ्या पायांपासून येत होता. त्यात पोटातली दोन मुलं होती, पडदे ओढलेलं वर्ष होतं, पण वरून ढकलत होता तो राग माझ्यावरचा. तिथं साडेचार झाले होते. म्हणजे आमच्याकडं आठ. भावाला पोहोचवून माणसं परतली असतील, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली असेल, आणि वहिनी कोपऱ्यात बसली असेल. मी तिथं नव्हतो आणि इथं आहे हेही कुणाला सांगता येत नव्हतं. मी मागं भिंतीला हात टेकून उभा राहिलो.

संपल्यावर टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. मुलगा रडत होता आणि हसत होता.

नंतर सगळे ग्लास घेऊन उभे राहिले. जागा बघणारी बाई सुनेशी बराच वेळ बोलली. मुलानं येऊन सांगितलं, एप्रिलमध्ये पुन्हा बोलावलंय, दीड तासाचा कार्यक्रम. ती बाई माझ्याकडे हात पुढं करून आली, मी लांबूनच हात जोडले. तिनंही जोडले.

सून आली. लोकांनी तिला इतकं काही म्हटलं होतं की तिचा चेहरा मोकळा झाला होता. माझ्यासमोर उभी राहिली आणि थांबली. मी बोलावं म्हणून थांबली होती, एवढं मला कळत होतं. पण मी चांगलं झालं असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्याच्यामागून दुसरं बाहेर पडलं असतं. मी म्हणालो, "गाडी किती वाजता आहे?"

"सहा सव्वीस," ती म्हणाली, आणि पेटी उचलायला गेली.

परत येताना मुलानं गाडीत फोन सुरू केला, बघितला, खिशात ठेवला. काही आलं नव्हतं. पुतण्यानं शब्द पाळला होता. घरी आल्यावर मी ताक-भात खाल्ला आणि झोपलो.

सकाळी सातला दोघं चहाला बसली होती. तिला नर्सरीत आठला जायचं होतं. ती देवाच्या कप्प्याकडं वळली तेव्हा मी म्हणालो, "दिवा लावू नकोस. बस इथं."

ती बसली. मी सांगितलं. भाऊ गेला, काल पहाटे, मला सहाला कळलं. एवढंच.

मुलगा टेबलावर डोकं टेकवून रडायला लागला. लहानपणी त्याला पोहायला मोठ्या काकांनीच शिकवलं होतं. सून रडली नाही. तिनं सगळं एकेक करून जोडलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणून अंघोळ," ती म्हणाली. "म्हणून शिरा नको. म्हणून पाय."

"हो."

मला वाटलं होतं ती आता काहीतरी मऊ बोलेल. खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो. मी भाऊ बाजूला ठेवला होता तिच्यासाठी.

"मला विचारायचं होतं, आबा."

"विचारलं असतं तर तू गेली नसतीस."

"नसते गेले. मग? माझे काका होते ते. दिवाळीला मला फोन करायचे. मी काल लोकांना हसवत होते, तुमच्यावर विनोद करत होते, हातात बिअर घेऊन फोटो काढत होते. आणि तिकडं त्यांना..." ती थांबली. "आई गेल्या तेव्हा जाऊ नको म्हणून तुम्ही ठरवलंत. काल जा म्हणून तुम्ही ठरवलंत. मी कधी ठरवायचं?"

"तुझं भलं झालं ना? एप्रिलला बोलावलंय ना?"

"झालं. मी नाही म्हणत नाही. तरी मला विचारायचं होतं."

मुलगा डोकं वर काढून म्हणाला, "अगं, आबांनी किती..."

"तू थांब," ती त्याला म्हणाली. "त्यांना कळतंय मी काय म्हणते ते."

मला कळत होतं. उत्तर द्यायची माझी सवय आहे, आणि उत्तरं माझ्याकडं चार-पाच तयार होती. एकही तिच्या प्रश्नाचं नव्हतं.

तिनं नर्सरीत फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं. कपाटातल्या देवांपुढं पडदा ओढला. मग माझा फोन माझ्यापुढं ठेवला. "काकूंना लावा. काल सगळ्यांचे फोन आले असतील, तुमचाच नसेल आला."

मी वहिनीला फोन लावला. पुतण्यानं उचलला, तिच्या हातात दिला. मागं बायकांचे आवाज होते, कुणीतरी भांडी घासत होतं.

"वहिनी."

"भावजी," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "काल का नाही केलात? मी सारखी विचारत होते, धाकट्याचा आला का, धाकट्याचा आला का. पोरगं म्हणतंय उद्या करणार आहेत. उद्या म्हणजे काय, भावजी?"

कारण सांगता आलं असतं. पण कारण सांगितलं असतं तर ते सुनेच्या गाण्यावर गेलं असतं, आणि गावात तेच फिरलं असतं. सून टेबलापलीकडं उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

वहिनी रडायला लागली. मी फोन कानाला घट्ट लावून बसलो आणि ती थांबेपर्यंत ऐकत राहिलो.